सिग्नलला जागच्या जागी उड्या मारणाऱ्यांनो, जरा उभे राहा की!

कट्टाकर (धागाकर्ता)

आमच्या धावण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एका कोचसाहेबांची पोस्ट फिरत आली. आशय असा: खरा धावपटू लाल सिग्नलला उभा राहत नाही. गुडघे वर, पाय चालू, जमलं नाही तर तिथल्या तिथे गोल फिर, पण थांबू नकोस. थांबलास की रन मेला. खाली अंगठ्यांची रांग. तिथे मी गप्प बसलो, कारण तिथे काही बोललं की लगेच "दादा, निगेटिव्ह नको" सुरू होतं. म्हणून हा धागा.

मी शिवाजी पार्कला २०११ पासून पळतोय. पार्काच्या फेऱ्यांचा कंटाळा आला की कॅडल रोडने सिद्धिविनायक, पुढे वरळी सी फेस आणि परत. मागच्या मंगळवारी पहाटे पावणेसहाला देवळाच्या अलीकडच्या सिग्नलला आम्ही पंधरा-वीस जण उभे. मंगळवार म्हणजे रात्रीपासून चालत येणारी माणसं आलीच. माझ्या पुढे एक पट्ठ्या, गुडघे पार छातीपर्यंत. त्याच्या शेजारी एक मावशी, अनवाणी, हातात पानात बांधलेली दुर्वांची जुडी आणि वर जास्वंद. ह्याचं कोपर लागलं आणि पुडी खाली. जास्वंद गटाराच्या जाळीवर. हा "सॉरी आँटी" म्हणाला, पण उड्या मारता मारताच. वाकला नाही हो! वाकला असता तर घड्याळातला आलेख बिघडला असता बहुतेक. मी जुडी उचलून दिली. मावशी म्हणाल्या, "पडलेलं कसं वाहू?" आणि दुसरी घ्यायला उलट्या फिरल्या. तेवढ्यात सिग्नल सुटला, पट्ठ्या गेला.

मिनिटभर उभं राहिल्याने कुणाची मॅरेथॉन बुडालेली मी पाहिलेली नाही. पायावर पाय ठेवून उभे राहा, श्वास घ्या, समोरच्या टपरीवर पेपरचा मथळा वाचा. बाकीच्यांचं काय म्हणणं?

पोटरीसम्राट

काका, एका आडमुठ्यावरून सगळ्या जमातीला झोडताय. जोरात पळताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकदम खांबासारखं उभं राहिलं की ते ढकलणं बंद, रक्त पायात साचतं, रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यापुढे अंधारी. मला स्वतःला आलीय, माहीम चर्चच्या सिग्नलला, टेम्पो रन (म्हणजे न थांबता जोरात पळणं) चालू असताना. रेलिंग धरलं म्हणून वाचलो. तेव्हापासून मी पाय हलवत राहतो. हा शो नाही.

कट्टाकर

पाय हलवणं वेगळं आणि लोकांच्या बरगड्यांत कोपर घालणं वेगळं. शिवाय सिग्नल मोजून अर्धा डझन असलेल्या रस्त्यावर टेम्पो रन करायला तुम्हाला कोणी सांगितलं? वीस मिनिटांच्या टेम्पोत चार विश्रांत्या झाल्या तर तो टेम्पो राहिला कुठे? समुद्राच्या अंगाने मरीन ड्राइव्हला जा. नरिमन पॉइंट ते चौपाटी साडेतीन किलोमीटर, एक सिग्नल आडवा येत नाही.

पोटरीसम्राट

राहतो सायनला. मरीन ड्राइव्हला जायला पहिली लोकल पकडू आणि परत येऊन आठ वाजता पोरीला शाळेत सोडू का? दक्षिण मुंबईचा सल्ला दक्षिण मुंबईत ठेवा.

कट्टाकर

मी दादरचा आहे हो. दादर दक्षिण मुंबईत कधी गेलं?

सेकंदमोजे

तुमचं सगळं चालू द्या, पण मुख्य प्रश्न कोणी विचारतच नाहीये. सिग्नलला तुमचं घड्याळ चालू असतं की बंद? माझ्या ग्रुपमधले निम्मे लोक ऑटोपॉज लावून पळतात. पाय थांबले की घड्याळ थांबतं, आणि मग "संडे हाफ १:५८!!" असा अर्ध-मॅरेथॉनचा फोटो. उघडून बघितलं तर एकूण वेळ २:१४. ती १६ मिनिटं कुठे गेली? सिग्नलला उड्या मारणारा निदान घड्याळ चालू ठेवून मारतो, हा त्यातल्या त्यात प्रामाणिक.

पॉजवीर

झालं, आले हिशेबतपासनीस. अहो, सिग्नलला मी धावत नव्हतो तर ती वेळ धावण्यात का धरायची? ऑफिसला जाताना ट्रेन कुर्ल्याला अडकली तर तेवढ्या वेळाचा पगार कापून देता का?

सेकंदमोजे

ट्रेन अडकली तर लेटमार्क लागतो. निदान आमच्याकडे तरी लागतो.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडच्या चढावर, ३५ किमीच्या पुढे, दम लागून उभे राहाल तेव्हा वेळ मोजणारी चिप थांबते का? सुरुवातीच्या मॅटवरून शेवटच्या मॅटवर, जे आहे ते आहे. रन नोंदवायचं ॲप, खुद्द स्ट्राव्हासुद्धा 'रेस' म्हणून नोंदवलं की एकूण वेळ धरतं, सेगमेंटलाही (म्हणजे रस्त्याच्या ठरावीक तुकड्याला) एकूणच. त्यांना कळतं, तुम्हाला कळत नाही.

पॉजवीर

रेसला रस्ता बंद असतो, साहेब. लाल सिग्नलखालून पोलीस हात दाखवून पुढे सोडतात. तो वर्षातला एक दिवस. बाकी ३६४ दिवस मी लालबागहून निघतो. हिंदमाता, दादर टीटी, पुढे किंग्ज सर्कल, पाच उद्यानांना वळसा आणि परत. मोजा सिग्नल. प्रत्येक लाल दिवा माझ्या खात्यात टाकायचा का?

आजोबा_प्रभादेवी

मी धावपटू नाही. वय ७१, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रोज सकाळी दूध आणायला रस्ता ओलांडतो म्हणून बोलतो. तुमचे १:५८ आणि २:१४ चालू द्या. मला एवढंच सांगा, हिरवा माणूस लागल्यावर मी अर्ध्यात पोचेपर्यंत तो लुकलुकायला का लागतो? आणि झेब्रावर चाकं ठेवून उभ्या असलेल्या बाइकवाल्यांना बाजूला कोण करणार? त्यांना वळसा घालण्यात माझे दहा सेकंद जातात.

सायनची_सून

आजोबा, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. +१०० तेवढ्यात देऊन जाते. २०२० मध्ये दादर-माहीमच्या सिग्नलवर बाईची आकृती आली तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. माझ्या सासूबाई बघून म्हणाल्या, "बाई आली, पण पळतेय ती बाप्याएवढ्याच सेकंदात."

बेस्टप्रेमी

आणि हॉर्न? त्याच वर्षी मुंबई पोलिसांचा तो व्हिडिओ आला होता, आठवतंय का? डेसिबल मीटर लावलेला सिग्नल, हॉर्न ८५ च्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून. हिंदमाता आणि पेडर रोडही त्यात होते. मी तर म्हणतो ते सगळीकडे कायमचं लावा. वाजवा किती वाजवायचं ते.

पॉजवीर

छान! म्हणजे कोणीतरी मागून भोंगा वाजवणार आणि माझा लाल वाढणार.

सेकंदमोजे

तुम्हाला काय फरक पडतो? तुमचं घड्याळ बंदच असतं.

पॉजवीर

हे आता वैयक्तिक होतंय.

सेकंदमोजे

वैयक्तिक म्हणजे 'पर्सनल बेस्ट' ना? त्याबद्दलच तर बोलतोय.

पहाटपाखरू

मी वाचक, क्वचित लिहिते. पण आता लिहावंसं वाटलं.

मी सिग्नलला थांबत नाही. उड्याही मारत नाही. लाल असला तर उजेड असलेल्या बाजूने पुढच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाते आणि परत येते. दिवा सुटेपर्यंत हेच. आठवी-नववीतल्या पोरी शाळेबाहेर येरझाऱ्या घालतात तशी. कारण पेस नाही, हार्टरेट नाही. सव्वापाचला एकटी बाई सिग्नलला उभी राहिली की शेजारी बाइक येऊन थांबते. बऱ्याचदा काही होत नाही, नुसतं बघणं. एकदा "मॅडम, सोडू का कुठे?" झालं. एकदा तर सिग्नल सुटल्यावरही बाइक माझ्या वेगाने चालत राहिली, दिव्यांच्या तीन खांबांपर्यंत. मी दुधाच्या टेम्पोपाशी जाऊन थांबले. क्रेट उतरवणाऱ्या दादाला काही सांगावं लागलं नाही. तो हातातला क्रेट खाली ठेवून फक्त सरळ उभा राहिला आणि बाइक वळली.

तेव्हा कट्टाकर काका, "मिनिटभर उभे राहा, पेपरचा मथळा वाचा" हे तुम्हाला जमतं. मला नाही.

कट्टाकर

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, खरंच. पंधरा वर्षांत एकदाही नाही. माझा सल्ला तुम्हाला लागू नाही, मागे घेतो.

पण कोचसाहेबांनी पोस्ट बायकांच्या काळजीपोटी लिहिली नव्हती, आणि दुर्वा पाडणाऱ्याच्या मागेही बाइक लागली नव्हती. तेवढा राग कायम.

पोटरीसम्राट

पाहिलंत? मी वैद्यकीय कारण दिलं तर "टेम्पो कोणी सांगितला".

कट्टाकर

तुमचंही अर्धं मान्य. जोरात पळून आलात तर पाय हलवा, टाचा उचला, चार पावलं मागे-पुढे चाला. पण कोपरं अंगाशी. आणि दमानं पळत असाल तर अंधारी सहसा येत नाही, उगाच शास्त्र पुढे करू नका.

पोटरीसम्राट

"अर्धं मान्य" फ्रेम करून लावतो.

रिकामा_रस्ता

मला कळत नाही, पाच वाजता थांबायचंच कशाला? अनेक चौकांत तेव्हा पिवळा लुकलुकत असतो. लाल असला तरी दोन्हीकडे बघा, कुत्रंसुद्धा नसतं, जा पुढे. रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला मान देऊन उभा राहणारा माणूस मी फक्त धावण्याच्या ग्रुपमध्येच बघितलाय.

आजोबा_प्रभादेवी

माझ्या मित्राचा मुलगा असाच रिकाम्या रस्त्यावरून गेला होता. कानात गाणी. रिकाम्या रस्त्यावर गाड्या किती वेगात येतात हे त्या गाड्यांना ठाऊक. मुलगा वाचला, पण आठ महिने अंथरुणात. तुम्ही कानात काही घालता का?

रिकामा_रस्ता

एकाच कानात घालतो.

आजोबा_प्रभादेवी

मग एकाच बाजूच्या गाडीचं ऐकू येत असेल.

सायनची_सून

आजोबा 😄 तुम्ही रोज लिहीत जा.

वरळीकर

सगळ्यांनी कोस्टल रोडच्या प्रॉमेनाडला या. ऑगस्ट २०२५ पासून खुला आहे, प्रियदर्शिनी पार्क ते वरळी, पाच किलोमीटरच्या वर, ना सिग्नल ना भोंगा. भांडण मिटलं.

पोटरीसम्राट

पुन्हा तेच! तिथे सायनहून यायचं कसं? तिथे पोचेपर्यंत जेवढे सिग्नल लागतात तेवढ्यात माझा रन होतो. शहरभर फुटपाथ धड करा म्हटलं की उत्तर काय, तर समुद्रावर या. उद्या म्हणाल पाण्यातून पळा.

वरळीकर

सुचवलं फक्त. एवढं अंगावर यायची गरज नव्हती.

पोटरीसम्राट

अंगावर नाही आलो. पाय हलवत होतो.

सेकंदमोजे

विषयावर येऊया. पॉजवीर, एक आठवडा ऑटोपॉज बंद करून पळा आणि इथे आकडा टाका. नाहीतर १:५८ मागे घ्या.

पॉजवीर

माझ्या वेळेचा ठेका तुम्हाला कोणी दिला? मी कोणाशी स्पर्धा करत नाही.

सेकंदमोजे

मग फोटो कोणासाठी टाकता? (ह. घ्या.)

पॉजवीर

हलकं घेण्यासारखं काही उरलेलं नाही. रजा घेतो.

कट्टाकर

अहो, धागा उड्यांवर होता. असो. आज पुन्हा मंगळवार, त्याच सिग्नलला तोच पट्ठ्या. मी शेजारी उभा राहिलो आणि म्हटलं, मागच्या आठवड्यात एका बाईंच्या दुर्वा पाडल्यास तू. त्याने कानातलं काढलं, म्हणाला, "काय?" पुन्हा सांगितलं. त्याच्या लक्षातच नव्हतं. थोडा ओशाळला असावा, कारण उड्या थांबल्या. मग सिग्नल सुटेपर्यंत आम्ही दोघं शेजारी शेजारी काही न बोलता उभे. इतकं अवघडल्यासारखं झालं की मीच पाय हलवायला लागलो.

पोटरीसम्राट

स्क्रीनशॉट घेतला आहे.

पॉजवीर

हे घ्या. ऑटोपॉज बंद करून आज सकाळचे १० किमी: १ तास ९ मिनिटं. गेल्या आठवड्यात त्याच रस्त्यावर ५८ होती. झालं समाधान?

सेकंदमोजे

आकडा टाकलात, मानलं. पण ११ मिनिटं? हिंदमाता, टीटी, किंग्ज सर्कल सगळे लाल लागले, जाताना आणि येताना दोन्हीकडे धरले, तरी ११ होत नाहीत.

पॉजवीर

त्यातली ५ मिनिटं टीटीच्या टपरीवर.

सेकंदमोजे

चहा??

पॉजवीर

कटिंग. पूर्वी तोही पॉजमध्ये जायचा.