पूररेषेतल्या प्लॉटवर भराव टाकू द्यावा का? (सांगली)

कृष्णाकाठ
निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे बांधकाम चालतं. अट एवढीच, की जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर हवं. पण ते कशावर चढवायचं? स्वस्तातला मार्ग म्हणजे मुरूम ओतणे. १० गुंठ्यांवर साडेसहा फूट भराव म्हणजे सातशे ब्रास (एक ब्रास १०० घनफूट). तेवढ्या जागेत मावणारं वीस लाख लिटर पाणी मग शेजारच्या बोळात जातं. २०१९ ला इर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, धोक्याची पातळी ४५. एवढं बघूनही भरावाला परवानगी कशाला? खांबांवर बांधा, खालून पाणी जाऊ द्या.

(कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९ मीटर की ५२४ हा विषय इथं नको. तो सुरू झाला की बाकी सगळं वाहून जातं.)

नकाशावाला
आकडा ऐकायला मोठा आहे, पण पुढचा हिशोबही मांडा की. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. कृष्णेत दोन लाख क्युसेक असताना सेकंदाला ५६ लाख लिटर पाणी पुलाखालून जातं. तुमचे वीस लाख लिटर म्हणजे अर्ध्या सेकंदाचंही पाणी नाही. एका प्लॉटच्या भरावानं इर्विनची पातळी बोटभरही हलत नाही.

आणि खांबांचं म्हणाल तर, खालचा मजला नुसत्या खांबांवर, वर विटांच्या भिंती, ही रचना भूकंपात सगळ्यात कच्ची. कोयना काय फार लांब नाही. खालच्या मजल्याला आरसीसी भिंत किंवा तिरके आधार द्यावे लागतात, नाहीतर सगळा हेलकावा खालच्या खांबांच्या डोक्यावर येतो. तो खर्च गुंठा-दीड गुंठ्यावर घर बांधणाऱ्यानं कुठून करायचा?

कृष्णाकाठ
तुमचा हिशोब नदीपुरता बरोबर, पण मी बोळाचं बोलतोय. शामरावनगरसारख्या भागात काळी माती, उतार जवळजवळ नाहीच, पाणी मुरत नाही. अशा २५ एकरांवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की पन्नास लाख लिटर पाणी होतं. तिथं नदी सेकंदाला काही वाहून नेत नाही, पाणी जागेवरच उभं राहतं. त्यात दहा प्लॉट भरावानं उचलले, आडवे नैसर्गिक ओघळ बुजले, की उरलेली घरं तळ्यात. पूर नसताना, साध्या वळवातसुद्धा.

पेठकरी
खांबांवर बांधा म्हणणाऱ्यांनी दुकानदाराचाही विचार करा. गणपती पेठेत माल उतरवायला ट्रकच्या फाळक्याइतकं, चार फुटांचं जोतं उलट सोयीचं. त्याच्या वर गेलं की हमालाला फळी तिरकी लावावी लागते, पाठीवर ५० किलोचं पोतं, पावसात फळी निसरडी. आणि दहा फूट वरच्या दुकानात किरकोळ गिऱ्हाईक चढतंय होय? व्यापारी गाळ्यांना वेगळा नियम हवा: खाली गाळा राहू दे, पण साठा वरच्या मजल्यावर, मीटर आणि मेन स्विच लाल रेषेच्या वर, आणि लिफ्टचा कंट्रोल पॅनेल तळात नको. नुकसान होतं ते मालाचं आणि वायरिंगचं. फरशी धुऊन निघते.

गटारकाम
भराव की खांब यावर भांडताय, पण पाणी घरात येतं कुठून? आधी शेरीनाला आणि पावसाळी गटारांतून उलटं. नदी चढली की नाल्याचं तोंड पाण्याखाली जातं आणि पाणी मागे फिरतं. तोंडाला झडप बसवा म्हणणं सोपं. झडप बंद असताना शहरात पाऊस झाला तर ते पाणी उपसायला पंप हवेत, त्यांना डिझेल जनरेटर हवा, कारण तेव्हाच वीज बंद केलेली असते. पंपाशिवाय झडप म्हणजे आतल्या पाण्याला कोंडणं.

घरापुरतं करायचं तर शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पण पिशव्या, चिंध्या, केसांच्या गुंत्यानं त्याची पाकळी अर्धवट उघडी राहते आणि ऐनवेळी काही उपयोग होत नाही. मे अखेरीस उघडून साफ करावाच लागतो.

आणि एक: डांबरीकरण जुना थर न खरवडता करतात. दरवेळी दोन-तीन इंच रस्ता वर. पाच थरांत जुन्या घराचा उंबरा फूटभर खाली. तोही भरावच, महापालिकेनं टाकलेला.

नकाशावाला
शेवटचा मुद्दा लाख बोललात. पण म्हणून सरसकट भराव-बंदी मला पटत नाही. भराव फक्त इमारतीच्या जोत्याखाली, सामासिक जागा (इमारतीभोवती सोडलेली मोकळी जागा) मूळ पातळीलाच, एवढी अट घाला. निम्मं पाणी तिथं थांबेल, ओघळही वाचतील. भराव नऊ-नऊ इंचांच्या थरात, पाणी मारून, रोलर फिरवून. इथं पाडकामाचा राडारोडा ओततात आणि दुसऱ्या पावसात फरशी खचते.

कृष्णाकाठ
सामासिक जागा मोकळी ठेवायची अट कागदावर चालेल. भोगवटा दाखला मिळाला की तिथं पेव्हर ब्लॉक, त्याखाली पुन्हा मुरूम. नकाशावर मूळ जमिनीची, रस्त्याच्या मध्याची आणि जवळच्या नाल्याच्या तळाची पातळी, तिन्ही एकाच खुणेपासून मोजून लिहायला लावा. मग नंतर कोणी किती उचललं, ते लेव्हल लावून अर्ध्या तासात सापडतं.

पेठकरी
सापडल्यावर काढायला लावणार कोण, ते पण लिहा मालक.