मंडळ-गप्पा: गणपतीत स्पेलिंग बी ठेवायची का?

प्रेषक: मंजिरी (सांस्कृतिक समिती)
रविवार, 1 जून 2025

नमस्कार मंडळी,

गुरुवारी रात्री अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पेलिंग बीची, म्हणजे मुलांनी माईकसमोर तोंडी स्पेलिंग सांगायच्या स्पर्धेची, फायनल कोणी कोणी पाहिली? आमच्याकडे त्या नादात भाजी करपली. टेक्ससचा फैझान झाकी जिंकला. गेल्या वर्षी तोच ब्रुहत सोमाकडून अगदी शेवटी हरला होता, त्यामुळे आमच्या घरी सगळे त्याच्याच बाजूने.

मुद्दा असा. गणपतीचा कार्यक्रम शनिवारी, 30 ऑगस्टला आहे. जेवणं आटोपल्यापासून नाटुकलं सुरू होईपर्यंत तास-दीड तास मुलं हॉलभर नुसती हुंदडत असतात. त्या वेळात दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी छोटीशी स्पेलिंग बी ठेवली तर? बक्षिसांना दीडशे डॉलर काढता येतील. पुढच्या रविवारपर्यंत कळवा.

मंजिरी

प्रेषक: श्रीनिवास
रविवार, 1 जून 2025

मंजिरी, माझा नकार मांडून ठेव.

घोकंपट्टीला कंटाळून आपण तिकडून इकडे आलो आणि इथे येऊन पोरांना शब्दकोश घोकायला बसवतोय. 2019 साली वीस फेऱ्या झाल्या तरी पोरं चुकेनात. आयोजकांकडचे कठीण शब्द संपत आले, शेवटी आठ जणांना विजेते म्हणून जाहीर करावं लागलं. आठांतले सात भारतीय वंशाचे. त्यात डॅलसचा एक सुखटणकर होता. ते आडनाव पेपरात वाचून माझ्या आईने पुण्याहून फोन केला, ‘आपल्या बाळ्याचं काय चाललंय रे?’ बाळ्याचं सॉकर चाललं होतं. आईला ते पटलं नाही.

फोन आपोआप स्पेलिंग दुरुस्त करतो. त्यापेक्षा मुलांकडून अथर्वशीर्ष म्हणून घ्या.

श्रीनिवास

प्रेषक: अनघा
सोमवार, 2 जून 2025

श्रीनिवास, अथर्वशीर्ष ही घोकंपट्टी नाही होय?

माझा मुलगा तीन वर्षं या प्रकारात होता, म्हणून जरा लांबण लावते.

पाठांतर असतंच, ते नाकारत नाही. पण शब्द ज्यातून काढतात त्या वेबस्टरच्या मोठ्या इंग्रजी कोशात चार लाखांहून जास्त शब्द आहेत, ते कोणाच्या बापाला पाठ व्हायचे नाहीत. माईकसमोर उभ्या मुलाला शब्द माहीत नसला तर विचारायची मुभा असते: अर्थ काय, कोणत्या भाषेतून आला, वाक्यात वापरून दाखवा, दुसरा उच्चार आहे का. खरा खेळ तिथे असतो. शब्दाचं गाव कळलं की त्याच्या वागण्याचा अंदाज येतो. ग्रीक असेल तर ‘फ’ला पी-एच, ‘क’ला बहुधा सी-एच. फ्रेंच असेल तर शेवटी न ऐकू येणारं काहीतरी लपलेलं असणार.

2021 ची फायनल आठवा. लुइझियानाच्या झायला अव्हांगार्डला शब्द आला ‘मराया’. तिने विचारलं, यात मरे हे नाव आहे का, त्या विनोदी नटाचं असतं तसं? परीक्षक हसले, पण तिचा नेम बरोबर होता. मरे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून ते नाव पडलंय, म्हणून एम-यू-आर-आर-ए-वाय-ए. आणि ही मराया कोण? तुमच्या फोडणीतला कढीपत्ता त्याच गोतातला, मराया कोनिगी म्हणून! आपल्या अर्ध्या घरांत कुंडीत लावलाय आणि थंडीत आत घेऊन त्याची बडदास्त ठेवतोय.

न विचारल्यावर काय होतं तेही गुरुवारीच दिसलं. त्या फेरीत उरलेले दोघं चुकले होते, फैझानला एक शब्द बरोबर सांगितला की संपलं. शब्द होता ‘कॉमेलिना’. पठ्ठ्याने काही विचारलंच नाही. के-ए-एम म्हणून सुरुवात केली आणि स्वतःच कपाळाला हात लावला. सुरुवात सीने होती आणि एम दोन होते. पुन्हा तिघं मैदानात. पुढे जिंकला तो, पण तो क्षण मला बघवला नाही.

कारण तो मी जवळून पाहिलाय. माझा मुलगा बारा वर्षांचा असताना आमच्या विभागीय फेरीत होता. गळ्यात नंबराची पाटी. प्रत्येक शब्द आधी त्या पाटीच्या मागे बोटाने लिहायचा, मग बोलायचा. त्याला शब्द आला ‘केजरी’. भाषा कोणती, विचारलं. हिंदी. अर्थ सांगितला: तांदूळ, डाळ वगैरेंचा पदार्थ. मी प्रेक्षकांत बसून हसले. म्हटलं, खिचडी! झालं, जिंकला. त्याचं बोट पाटीमागे थांबलं, माझ्याकडे बघून तोही हसला आणि म्हणाला, के-ई-जे-ए-आर-आय. टिंग. चुकल्याची घंटा.

के-ई-डी-जी-ई-आर-ई-ई. इंग्रजांनी आपली खिचडी नेली, तिला टोपी घातली आणि परत आणून माझ्या मुलाला ओळखायला लावली. मुरलेल्या मुलांना हे ठाऊक असतं: हिंदीतून आलेला शब्द म्हटला की साहेबाने तो कोणत्या शतकात ऐकला असेल याचा विचार करायचा. आम्हाला ते त्या दिवशी कळलं. गाडीत पाऊण तास तो गप्प होता आणि रात्री खिचडी केली तर जेवला नाही.

आपली मुलं यात एवढी कशी, याचं उत्तर ‘देशी आईबाप’ एवढंच नाही. 1985 साली शिकागोकडचा बालू नटराजन ‘मिल्यू’ शब्दावर जिंकला, तो भारतीय वंशाचा पहिला विजेता. 1999 ला नूपुर लाला जिंकली आणि टीव्हीवर आपल्यासारखी दिसणारी मुलगी बघून घराघरात वह्या निघाल्या. पण वह्यांच्या आधी नॉर्थ साउथ फाउंडेशन होतं. भारतातल्या गरीब मुलांना शिष्यवृत्त्या द्यायला 1989 मध्ये निघालेली संस्था. 1993 पासून तिने इथल्या मुलांसाठी स्पर्धा सुरू केल्या. शनिवारी कोणाच्या तरी विद्यापीठाच्या वर्गात आयाबाप स्वयंसेवक म्हणून पेपर तपासतात, डबे उघडतात. क्रिकेटला शिवाजी पार्क तसं हे. 2008 ते 2019 दरवर्षी विजेत्यांत भारतीय वंशाचं किमान एक मूल होतं, ते या मैदानी सरावामुळे.

आणि आपण ओहायोत राहतो तर हेही माहीत असू द्या. आपल्या ॲक्रनची मॅकनोलिया कॉक्स, तेरा वर्षांची काळी मुलगी, 1936 मध्ये वॉशिंग्टनला फायनलला गेली. इतर मुलं उतरली त्या हॉटेलात तिला जागा नव्हती, एका काळ्या डॉक्टरांच्या घरी राहिली. मेजवानीतही टेबल वेगळं. तिला बाद केलं ‘नेमेसिस’ शब्दावर. तो देवतेचं नाव म्हणून मोठ्या अक्षराने लिहितात, नेमून दिलेल्या यादीत तो नव्हताच. तक्रार झाली, उपयोग झाला नाही. ती पाचवी आली. 2021 ला झायला जिंकली, तीही काळी, तेव्हा मला पहिली मॅकनोलिया आठवली.

तर माझं मत हो. फक्त प्रश्न विचारायची मुभा हवी, नाहीतर श्रीनिवासचं म्हणणं खरं ठरेल.

अनघा

प्रेषक: श्रीनिवास
सोमवार, 2 जून 2025

अनघा, खिचडीला हसलो, मान्य.

पण एक सांगतो. फैझानने जिंकलेला शब्दही एकही प्रश्न न विचारताच सांगितला आणि मग जमिनीवर आडवा झाला. मीही बघत होतो. (बाळ्याने लावलं होतं.)

श्रीनिवास

प्रेषक: वसंतकाका
मंगळवार, 3 जून 2025

चि. मंजिरी व इतर,

मी ईमेल सावकाश टंकतो, चुका पोटात घाला.

अनघाने लिहिलेली कॉमेलिना मी नातवाकडून फोनवर बघून घेतली. अहो, हा आपला केना! पावसाळ्यात बांधावर माजतो, शेतकरी शिव्या देतो आणि त्याची आई त्याच्याच पानांची भजी तळते. निळं फूल असतं, दोन पाकळ्या मोठ्या आणि खाली एक खुरटी. नातवाने वाचून दाखवलं ते मला फार आवडलं. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने हे नाव हॉलंडच्या कॉमेलिन मंडळींवरून ठेवलं. ते तिघे होते. दोघांनी वनस्पतिशास्त्रात नाव काढलं, तिसरा काही करून दाखवण्याआधीच गेला. म्हणून दोन पाकळ्या डोळ्यांत भरणाऱ्या आणि तिसरी नसल्यासारखी. हे त्या मुलाला कोणी आधी सांगितलं असतं तर तो के म्हणाला नसता.

1925 च्या पहिल्या स्पर्धेचा शेवटचा शब्द ग्लॅडिओलस होता म्हणे. 2019 च्या आठांतल्या एकाचा बोगनवेल. या लोकांना फुलझाडांचा नाद दिसतो. बोगनवेल मात्र आपण फार छान करून घेतला. मूळ फ्रेंच दर्यावर्दी बुगनव्हील. त्याच्या शेपटाला आपल्याला वेल ऐकू आली, आणि झाड होतंच वेलीसारखं.

दुसरं. ते ‘बी’ मधमाशीतलं नाही असं बरेच जाणकार धरतात. शेजाऱ्यांनी जमून एकाचं काम उरकून द्यायचं, त्याला इकडचे लोक बी म्हणत. गोधड्या शिवायची बी, मक्याची कणसं सोलायची बी. म्हणजे आपलं इर्जिक. फरक एवढाच की इर्जिकीत शेवटी सगळ्यांना जेवायला घालतात, घंटा वाजवून घालवून देत नाहीत.

आता माझी मागणी. एक फेरी मराठीची ठेवा. मराठीत जसं बोलतो तसं लिहितो ही थाप आहे. मी चौथीत ‘नांव’वर अनुस्वार दिला नाही म्हणून छडी खाल्ली, आणि 1962 ला मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम आल्यावर अनुस्वार दिला म्हणून खाल्ली. मराठीतही शब्दाचं गाव विचारावं लागतं. उत् आणि ज्वल माहीत असेल तोच ‘उज्ज्वल’ला दोन ज देईल. आणि गेल्या गणपतीच्या आपल्या पत्रकावर ‘आशिर्वाद’ छापलं होतं, शला पहिली वेलांटी. मी तेव्हा काही बोललो नाही.

आशीर्वाद (दुसरी),
वसंतकाका

प्रेषक: मंजिरी (सांस्कृतिक समिती)
बुधवार, 4 जून 2025

काका, ते पत्रक मीच केलं होतं. यंदा तुम्हाला दाखवल्याशिवाय छापणार नाही.

सोळा हो, तीन नाही. श्रीनिवास, तुझा नकार मोजला आहे आणि शब्दांची यादीही तुलाच करायची आहे, कारण बाळ्याने नाव दिलंय.

मराठी फेरीत अडचण अशी की मुलांनी तोंडी सांगायचं कसं? काल माझ्या मुलीवर प्रयोग केला. ‘आशीर्वाद’ला ती म्हणाली, ‘आ, मग शला लाँग ई, मग वा, आणि तो वरचा हुक.’ रफार, म्हटलं. ‘तो हुक कोणावर? शवर की वावर?’ पाच मिनिटं आम्ही दोघी हवेत बोटं फिरवत होतो. तेव्हा मराठीची फेरी फळ्यावर खडूने लिहायची. शब्द काका सांगतील, मुलांनी अर्थ, मूळ, वाक्य हवं ते विचारावं. प्रश्न मराठीत विचारला तर अर्धा गुण जास्त.

फळा कोणाकडे आहे? आणि घंटा? मी गणपतीच्या ताम्हणातली आणणार होते.

मंजिरी

प्रेषक: अनघा
बुधवार, 4 जून 2025

देवाची घंटा नको ग. पुढे आरतीला ती वाजली की बाद झालेली पोरं दचकतील. आमच्याकडे हॉटेलच्या काउंटरवर असते तसली टिंग वाजणारी आहे, मुलाने सरावासाठी घ्यायला लावली होती. ती आणते. तो म्हणतोय, वाजवायला मीच बसतो.

फळा वसंतकाकांच्या गराजमध्ये आहे, संक्रांतीपासून.

अनघा

प्रेषक: वसंतकाका
गुरुवार, 5 जून 2025

आहे. एक पाय मोडलाय. खिचडी कोण करणार तेवढं ठरवा.

वसंतकाका