आर्वीच्या मेक्सिकन हॉटेलात मक्याची पोळी का नाही?

तळेगाव रोडवाला

हे हॉटेल उघडलं तेव्हा दिवाळीपर्यंतही टिकणार नाही, असं गावात बरेच जण म्हणत होते. टिकलं. इतवारी रात्री बसायला खुर्ची मिळत नाही. आपल्याच भागातला पोरगा, नागपुरात किचनमध्ये काम शिकला आणि गावी येऊन स्वतःचं काही उभं केलं. ते चालावं असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच हे लिहितो.

आधी चांगलं सांगतो. तिथला राजमा-भात मी कोणालाही डोळे मिटून सांगेन. राजमा नीट भिजवलेला, मऊ, लसूण आणि जिऱ्याची फोडणी जपून घातलेली. भेदऱ्याची (टोमॅटोची) कच्ची चटणी, म्हणजे साल्सा, रोज ताजी करतात. कांदा, सांबार (कोथिंबीर), हिरवी मिरची, वरून लिंबू. टेबलं स्वच्छ असतात. म्हाताऱ्या माणसांना काय कशात आहे ते न कंटाळता समजावून सांगतात.

आता तक्रार. टाको म्हणून जे येतं ती मैद्याची पोळी. तिच्यात कोबी, ढोबळी मिरची, वर मेयोनिज आणि किसलेलं चीज. बरिटो मागवा, तेच. रॅप मागवा, तेच. तीन नावांची तीन ताटं आणि चव एक. नाचो पाकिटातले. ग्वाकामोले नावाची हिरवी चटणी चक्क मटाराची आहे, मेनूत मात्र अ‍ॅव्होकॅडो लिहिलंय.

मेक्सिकोचं जेवण मका, राजमा-घेवडा आणि मिरची यांच्यावर उभं आहे. 2010 साली युनेस्कोनं तिथल्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यातही या तिघांचाच मान पहिला. यातलं आपल्याकडे काय नाही? मका बाजारात मिळतो. बरबटी, म्हणजे चवळी, घरोघरी शिजते. मिरची तर भिवापूरची. आणि चीज-मेयोनिजचे डबे आणायला नागपूरला गाडी पाठवायची, हे मला पटत नाही. उत्तर मेक्सिकोत गव्हाच्या पोळ्या खातात, म्हणून बरिटोबद्दल माझी हरकत नाही. पण निदान एक टाको मक्याच्या पोळीत द्या, मेयोनिज वेगळ्या वाटीत द्या, आणि मटार असेल तर मटार लिहा.

तुम्हाला काय वाटतं?

पोट्ट्याईचा बाप

भाऊ, तुमचं सारं बरोबर. पण त्या हॉटेलात जाते कोण, हे तं पाहा. मी इतवारी माह्या दोन पोट्ट्याईले घेऊन जातो. घरी त्याईची माय रोज भाकर टाकते. भाकर खायले कोणी हॉटेलात दीडशे रुपये काहून देईन? पोट्टे चीजसाठी येते, तार निघाली का खूश होते. माह्या लहानपणी आर्वीत भेळ आन् कचोरी सोडली तं काहीच नव्हतं. आता सोयाबीन विकलं का लेकरं म्हणते, बाबा, तिथं चला. त्याईले नागपूरच्या मॉलमधे नेणं मले परवडत नाही, हे परवडते. तुम्ही चीज बंद करा म्हणून राहिले, तं आमच्यासारख्यानं जावं कुठं?

तळेगाव रोडवाला

बंद करा असं मी कुठंही म्हटलेलं नाही, दादा. मुलांची प्लेट राहू द्या. मी एका पदार्थाबद्दल बोलतोय.

शिक्षिका, आर्वी

मला मटाराची गोष्ट सगळ्यात जास्त खटकली. चवीला ती चटणी वाईट नाही, उलट छानच आहे. पण आमच्या शाळेतल्या एका मुलीनं अ‍ॅव्होकॅडो खाल्लं म्हणून वर्गात सांगितलं आणि मला तिला काय सांगावं कळेना. गावातल्या माणसानं ते फळ पाहिलेलं नाही, हे धरून चालायचं आणि काहीही वाढायचं, हे बरं नाही. ग्राहक आर्वीचा असो की मुंबईचा, पैसे तोही मोजूनच देतो.

बाकी चीजच्या बाबतीत मी पोट्ट्याईच्या बापाच्या बाजूनं आहे. आणि नाचोवर किसलेलं चीज घालणं हे काही आपल्या पोरांनी काढलेलं खूळ नाही. 1940 च्या दशकात पिएद्रास नेग्रास या मेक्सिकोच्या सीमेवरच्या गावात इग्नासिओ आनाया नावाच्या माणसानं पलीकडून आलेल्या अमेरिकन बायकांसाठी तो पदार्थ घाईघाईत केला. तळलेले मक्याचे तुकडे, चीज, वर मिरची. स्वयंपाकघरात जे होतं त्यातून केलं आणि जगभर गेलं. गाईसुद्धा मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनीच नेल्या. म्हणजे तिथलंही जेवण बाहेरचं घेऊन बदललेलं आहे. मग आर्वीत बदललं तर बिघडलं कुठं?

धारणीची लेक

मी मेळघाटातली, सासर आर्वीला. आमच्याकडे मक्याची भाकर नेहमीची आहे, त्यात अप्रूप काही नाही. गरम पाण्यात पीठ भिजवायचं, चांगलं मळायचं, हातावर थापायची, तव्यावर टाकायची. भाजी नसेल तर मिरचीचा ठेचा. हॉटेलवाल्यानं एखाद्या बाईला कामावर ठेवलं तर दोन दिवसांत शिकेल. एवढं अवघड करून सांगायचं कशाला?

कृषी पदवी, अकोला

ताई, भाकर होईल, पण टाको होणार नाही. कारण सांगतो. मक्यात गव्हासारखं ग्लुटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारं प्रथिन, नाही, म्हणून साध्या मक्याच्या पिठाची पातळ पोळी दुमडली की तडकते. भाकर ताटात मोडून खायची असते, तिथं ते चालतं. टाकोत सारण भरून हातात धरायचं असतं.

मेक्सिकोत मक्याचं कोरडं पीठ भिजवून पोळी करायची मूळ रीत नाही. आख्खे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात आणि रात्रभर तसेच ठेवतात. चुना दाण्यांच्या वजनाच्या सुमारे एक टक्का, म्हणजे किलोभर मक्याला दहा ग्रॅमच्या आसपास. सकाळी दाण्याचं साल सुटून येतं, ते चोळून धुऊन टाकतात आणि ओला दाणाच वाटतात. त्या पिठाला चिकटपणा येतो, गोळा हातात तुटत नाही, पोळी दुमडते. याला निक्स्टमल करणं म्हणतात आणि तिथल्या बायका हे हजारो वर्षं करत आल्यात.

यात चवीपेक्षा मोठी गोष्ट आहे. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व दाण्यात बांधलेलं असतं, शरीराला मिळत नाही. चुन्यानं ते मोकळं होतं, वर कॅल्शियम मिळतं. मका युरोपात गेला, पण चुन्याची रीत मागेच राहिली. मग जे गरीब लोक नुसत्या मक्यावर जगत होते त्यांना पेलाग्रा झाला. कातडी सोलते, जुलाब लागतात, डोक्यावर परिणाम होतो, माणूस मरतो. इटलीत झाला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत तर साथ असल्यासारखा पसरला. मेळघाटातल्या भाकरीबरोबर डाळ, भाजी, दूध असेल तर भीतीचं कारण नाही, पण हे माहीत असलेलं बरं.

हॉटेलवाल्याला एवढंच सांगायचं की हे करता येतं. खाण्याचाच चुना घ्यायचा, भिंतीला लावायचा नाही. ओला दाणा वाटायला इडलीचा ग्राइंडर चालतो, पाणी मात्र बेतानं. आपल्याकडचा पिवळा संकरित मका बराचसा कोंबडी-खाद्यासाठी पिकतो, त्याची चव थोडी भरड लागेल. पांढरा मका मिळाला तर उत्तम.

जुना आर्वीकर

सगळे चुना आणि चीज यात अडकलात, माझा प्रश्न वेगळा आहे. मेक्सिकन कशाला? गावात रोडगे आणि वांग्याची भाजी देणारं एक धड हॉटेल दाखवा. पातोडीचा रस्सा कुठं मिळतो? गोळाभात? पुरणाचे मांडे करणाऱ्या बाया आता लग्नाकार्यातसुद्धा शोधाव्या लागतात. सावजी सोडलं तर वऱ्हाडातलं एकही जेवण पाटीवर लिहिलेलं दिसत नाही. पोरानं नागपुरात शिकून येऊन हे केलं असतं तर मी रोज जेवायला गेलो असतो. आपल्या घरचं मरत असताना दुसऱ्याच्या घरची पोळी दुमडते की तडकते याची चर्चा करणं मला सहन होत नाही. राग मानू नका, पण जीव तुटतो.

तळेगाव रोडवाला

काका, रोडग्यांबद्दल तुमचं दुःख माझंही आहे. पण मेक्सिको आपल्याला इतका परका नाही, निदान वर्धा जिल्ह्याला तरी नाही. पांडुरंग खानखोजे वर्ध्यातच जन्मले, 1884 साली. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून देशोदेशी फिरले आणि 1924 मध्ये मेक्सिकोत पोचले. तिथं चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले आणि त्यांनी काम केलं ते मक्यावर. मक्याच्या सुधारित जाती, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा. दिएगो रिव्हेरा या तिथल्या सर्वांत नावाजलेल्या चित्रकारानं भिंतीवरच्या चित्रात त्यांना रंगवलं आहे, गोरगरिबांच्या पंगतीला भाकर वाटताना. शेवटी ते परत आले आणि 1967 मध्ये नागपुरात वारले. आपल्या जिल्ह्याच्या माणसानं मेक्सिकोचा मका सुधारायला हातभार लावला, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मेक्सिकन हॉटेलात मका पाकिटातल्या नाचोपुरता. मला हे लागतं.

जुना आर्वीकर

खानखोज्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे, आमच्या वडिलांच्या तोंडी ते नाव असायचं. पण ते तिथं गेले ते तिथल्या शेतकऱ्याचं पोट भरायला, त्यांच्या मातीत, त्यांच्या पिकावर काम करायला. त्याच न्यायानं आपल्या पोरानं आपल्या मातीतलं शिजवावं. ज्वारी शिजवावी. त्यांच्या नावानं मेक्सिकन हॉटेलाची वकिली होत नाही.

कृषी पदवी, अकोला

काका, आपल्या मातीतलं म्हणजे कोणतं? मिरची मेक्सिकोकडची, पोर्तुगीज घेऊन आले सोळाव्या शतकात. तोवर ठेचा नव्हता, सावजीचा रस्साही लाल नव्हता. आपल्या शिवारात आज जो कापूस उभा आहे, अमेरिकन जातीचा, तोही मूळचा मेक्सिकोकडचाच. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडूसुद्धा. हे सगळं आपण आपलं केलं, कोणी अडवलं नाही.

जुना आर्वीकर

आपलं करायला चारशे वर्षं लागली आणि ते घरातल्या बायांनी केलं, हॉटेलच्या मेनूनं नाही. माझं म्हणणं कायम आहे.

माळकरी

माझा एकच मुद्दा, आणि तो कोणी काढला नाही. चिकन आणि पनीर एकाच तव्यावर परततात. मी डोळ्यांनी पाहिलं. विचारलं तर म्हणाले, पुसून घेतो. आमच्या घरात माळ आहे, सून-नातू हौसेनं जातात, मी जाऊ शकत नाही. तवा वेगळा, उलथनं वेगळं, एवढं केलं तर गावातली कितीतरी घरं जायला लागतील. मक्याची पोळी आली तर ती मलाही चालेल, उपासाला नाही पण एरवी.

धारणीची लेक

माळकरी काकांशी शंभर टक्के सहमत. हे आधी व्हायला पाहिजे.

गल्ल्यावर बसतो तो

मी हॉटेलवाल्याचा मामेभाऊ, संध्याकाळी गल्ल्यावर असतो. सगळं वाचलं, त्यालाही वाचून दाखवलं. त्याच्या वतीनं नाही, माझ्या वतीनं लिहितो.

अ‍ॅव्होकॅडो सुरुवातीला आणत होतो. महाग फळ, कच्चं आलं तर दगड, पिकलं तर एका दिवसात काळं. आर्वीत विकणं जमलं नाही म्हणून मटार आला. मेनू बदलायला हवा होता, बाई म्हणतात ते बरोबर आहे. पुढच्या छपाईत मटाराची चटणी असंच लिहू, तोवर टेबलावर तोंडी सांगू.

तवा वेगळा करायला गॅसची आणखी एक शेगडी लागेल. जागा अरुंद आहे, पण माळकरी काकांचं म्हणणं खरं आहे, ते करावंच लागेल.

मक्याचं मात्र सोपं नाही. इतवार सोडला तर हप्त्यातले बरेच दिवस अर्धी टेबलं रिकामी असतात. भाडं, वीजबिल, दोन पोरांचा पगार चीजच्या प्लेटमधून निघतो. आदल्या रात्री मका उकळून ठेवायचा, सकाळी धुऊन वाटायचा, आणि गिऱ्हाईक आलंच नाही तर ते पीठ संध्याकाळी आंबतं. मैद्याच्या पोळ्या करून ठेवल्या की टिकतात. तुमच्यातले किती जण खरंच येऊन मक्याचा टाको मागवतील?

तळेगाव रोडवाला

इतक्या मोकळेपणानं सांगितलंत, बरं वाटलं. रोज करू नका. बाजाराच्या दिवशी करा, आसपासच्या खेड्यांतली माणसं त्या दिवशी गावात असतातच. आदल्या दिवशी सांगून ठेवणाऱ्यांची नावं घ्या आणि तेवढाच मका भिजवा. आत राजमा नाहीतर बरबटी, वर तुमची ती भेदऱ्याची चटणी, बाजूला तिखटाचा भुरका. मेयोनिज नाही, चीज नाही. माझ्या घरचे चार जण धरा. पैसे आधी देतो.

शिक्षिका, आर्वी

आमचे दोन. आणि त्या दिवशी पाटीवर चुन्याची रीत दोन ओळींत लिहा, मी मुलांना घेऊन येईन.

जुना आर्वीकर

मी येणार नाही. पण त्याच तव्यावर ज्वारीची भाकर आणि पातोडीचा रस्सा मिळणार असेल तर कळवा, पहिला मी.

पोट्ट्याईचा बाप

माह्यं नाव लिवा, एक. खाऊन पाहीन. पोट्ट्याईची चीजवाली प्लेट त्या दिवशी बी राहीन ना, ते आधी सांगा.

गल्ल्यावर बसतो तो

राहील, दादा.