यंत्र घेण्याआधी अस्तर पाहावे
घोडबंदर रस्त्यावरील एका क्लबला पूल आणि स्नूकर या टेबलावरच्या खेळांचे चेंडू साफ करणारे यंत्र घ्यायचे आहे, आणि त्यासाठी एका वेळी १६ चेंडू मावणारे यंत्र पुरेल, असे कुणीतरी सुचवले आहे. पूलपुरते ते योग्य आहे. परंतु स्नूकरच्या संचात २२ चेंडू असतात आणि त्यांचा व्यास ५२.५ मिलिमीटर, म्हणजे पूलच्या ५७.१५ मिलिमीटरच्या चेंडूंपेक्षा कमी असल्याने, दोन्ही मापांचे चेंडू आत नीट फिरतात का, हे यंत्र प्रत्यक्ष चालवूनच पाहावे. माझ्या मते मोटरच्या ताकदीपेक्षाही आतील अस्तर काढून धुता येणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण खेळाच्या काठीच्या टोकाला लावलेल्या खडूची पूड आणि हातांचा तेलकटपणा त्यातच साठतो, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात ओलसर राहिलेले अस्तर तोच मळ पुन्हा चेंडूंना लावते. फेनॉलिक रेझिनच्या (एका कठीण प्लास्टिकच्या) चेंडूंना खरखरीत पॉलिश मात्र कृपया लावू नये. त्याने बारीक ओरखडे पडतात.