रजिस्टर, रजिस्ट्री, आरपीएडी: शब्द कोणता आणि हिशोब कसा?

उदगीरहून प्रश्न:
वाटणीची नोटीस भावकीत पाठवायलो. वकीलसाहेब म्हणतात, 'आरपीएडी करा'. वडील म्हणतात, 'रजिस्टर करून टाक'. पोस्टाच्या खिडकीवर मात्र 'स्पीड पोस्ट' म्हणायलेत. हे एकच आहे का? खर्च काय धरायचा?

नांदेडहून उत्तर:
दादा, आधी एक सांगतो. आपल्याकडं 'रजिस्ट्री' म्हटलं की जमिनीचं खरेदीखत, आणि 'रजिस्टर केलं' म्हटलं की टपाल. जमिनीच्याच कागदात दोन्ही येणार असतील तर टपालाला 'नोंदणी टपाल' लिहा, म्हणजे घोटाळा होत नाही. आरपीएडी म्हणजे नोंदणी टपाल, पोचपावतीसह. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, म्हणून खिडकीवर तसं म्हणतात. पण 'नोंदणी' गेलेली नाही. स्पीड पोस्टावर ती जादा सेवा म्हणून मिळते आणि पाकीट फक्त ज्याच्या नावाचं आहे त्याच्या किंवा त्यानं नेमलेल्या माणसाच्याच हातात पडतं. नोटिशीला हेच लागतं, त्यामुळं नुसतं 'स्पीड पोस्ट' म्हणून थांबू नका, 'नोंदणीसह' म्हणा.

१ ऑक्टोबर २०२५ च्या दरानं ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये, बाहेरगावी कुठंही ४७. त्यात नोंदणीचे ५ मिळवा आणि एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे उदगीरातल्या भावकीला २८.३२, बाहेरच्याला ६१.३६ रुपये. सातबाऱ्याच्या नकला जोडून वजन ५० च्या वर गेलं की अंतर मोजतात: २५० ग्रॅमपर्यंत उदगीर ते छत्रपती संभाजीनगर ६३ रुपये, सगळं धरून ८०.२४. म्हणून पाकीट घरीच तोलून घ्या.

परभणीहून भर:
पोचपावती वरच्या आकड्यांत नाही, ती वेगळी मागा. आणि वहीत सगळं 'टपालखर्च' या एका रकान्यात कोंबू नये असं मला फार वाटतं. वजन-अंतराच्या रकमेला आपल्याकडं 'टपाल हंशील' असा चांगला जुना शब्द आहे, जुन्या मासिकांत 'टपाल हंशील वेगळे' असं छापलेलं असायचं. हंशील, नोंदणी शुल्क, जीएसटी असं सुटं लिहिलं तर पुढं भावकीत खर्च वाटून घेताना कोणाचं पाकीट जड होतं ते लगेच कळतं.

उदगीरहून:
आता कळलं. जोडपत्रं दोन्ही बाजूंनी छापून घेतो, वजन ५० च्या आत बसायला हवं.