मदत हवी आहे : इमारतीमागच्या झाडावरचा हा पक्षी शेंडीवाला बाज की शिक्र्याचे पिल्लू?

गेला आठवडाभर आमच्या इमारतीमागच्या जुन्या झाडावर एक शिकारी पक्षी मुक्कामाला आहे. सुरुवातीला मी त्याला शिक्रा समजलो, कारण शहरात शिक्रा दिसणे नवलाचे नाही. परवा सकाळी मात्र खिडकीतून, जेमतेम २० फुटांवरून, त्याला कबुतराची पिसे उपटताना पाहिले आणि खात्री डळमळली. गळ्याच्या मधोमध ठळक काळी रेघ, छातीवर तांबूस उभे फराटे, पोटावर व मांड्यांवर आडवे पट्टे, शेपटीवर चार रुंद गडद पट्टे आणि वाऱ्याची झुळूक आली की डोक्यामागे उभी राहणारी आखूड शेंडी, असे त्याचे रूप होते. डोळे पिवळे होते. शिक्र्याच्या पिल्लाचे डोळेही पिवळेच असतात आणि त्याच्याही गळ्यावर रेघ व छातीवर फराटे असतात, त्यामुळेच घोळ होतो आहे. पण ती शेंडी आणि ते जाडजूड पाय शिक्र्याशी जुळत नाहीत.

हा शेंडीवाला बाज असेल, तर तो मुळात जंगलातला शिकारी पक्षी; तरीही तो वाट चुकून शहरात आला असेल, असे मला वाटत नाही. तैवानमधल्या तैपेई शहरातल्या उद्यानांत शेंडीवाल्या बाजाने घरटी केली आहेत आणि बर्लिनमध्ये त्याच्याच कुळातल्या मोठ्या बाजाच्या सुमारे १०० जोड्या नांदतात. उंच जुनी झाडे आणि भरपूर कबुतरे मिळाली की जंगलातले हे पक्षी शहरातही टिकतात.

माझी खरी काळजी वेगळी आहे. इमारतीच्या आवारात उंदरांसाठी विष ठेवलेले आहे. ते रक्त गोठू देत नाही, पण उंदीर त्याने लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्तावून उघड्यावर फिरतो, सहज पकडला जातो आणि त्याला खाणाऱ्या पक्ष्याच्या यकृतात तेच विष साठत जाते. त्यातच पुढच्या आठवड्यात या झाडाची छाटणी ठरली आहे.

वरील खुणांवरून ओळख पक्की करता येईल का? काल तो चोचीत काटकी घेऊन शेंड्याकडे जाताना दिसला. एवढ्यावरून घरटे सुरू झाले असे मानून छाटणी थांबवण्याची मागणी करावी का? विषाऐवजी पिंजरे लावण्यास शेजाऱ्यांना कोणी राजी केले असेल, तर ते कसे जमवले, हेही कृपया सविस्तर लिहावे. छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी झाल्यास पक्षी जागा सोडेल, या भीतीने ठिकाण मुद्दाम लिहिलेले नाही.