'ग्लॅड दॅट' चालतं, मग 'अबाऊट दॅट' का अडतं?

विट्याहून प्रश्न

नववीच्या वह्या तपासताना एकच चूक निरनिराळ्या वेशात समोर येते. 'आय ॲम हॅपी अबाऊट दॅट माय ब्रदर पास्ड.' 'वी आर अवेअर ऑफ दॅट द बस इज लेट.' 'डिस्पाइट ऑफ ही वॉज इल, ही केम टू स्कूल.' पोरं हुशार आहेत, शब्दही नेमके वापरतात, पण वाक्य लंगडतं. 'हॅपी अबाऊट द रिझल्ट' बरोबर, 'हॅपी दॅट ही पास्ड' बरोबर, मग 'हॅपी अबाऊट दॅट ही पास्ड' का चूक, असं एकीने विचारलं. 'तसा नियम आहे' हे उत्तर तिला पटलं नाही आणि पटू नयेच. मराठीतून समजेल असं कारण कुणी सांगेल का? शिवाय भाषांतर करताना प्रत्येक 'दॅट'ला 'की' लावायचा का, तेही सांगा.

सांगलीहून उत्तर

सर, चूक इंग्रजी वाक्यात दिसते, पण ती मराठीतून आलीय. पोरगं मनात म्हणतं, 'भाऊ पास झाला याचा मला आनंद आहे.' यात 'चा' कुठे लागलाय बघा. 'झाला'ला तो लागत नाही, तशी सोयच नाही. म्हणून मराठी एक 'या' मध्ये उभा करते आणि प्रत्यय त्याच्या गळ्यात अडकवते. याचा आनंद, याची जाणीव, यावर भरवसा, याबद्दल दिलगिरी, यामुळे खोळंबा. आधी सगळं वाक्य सांगून टाकायचं, मग 'या', मग प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय. दुसरी वाट आहे ती क्रियापदालाच वाकवायची: 'भाऊ पास झाल्याचा आनंद', 'बस चुकण्याची भीती', 'आजारी असूनही'. कुठल्याही वाटेने गेलं तरी प्रत्यय शाबूत राहतो.

इंग्रजीत तो राहत नाही. 'ऑफ', 'अबाऊट', 'ॲट' नामापुढे बसतात आणि पुढे 'दॅट'चं वाक्य आलं की गळून पडतात. अवेअर ऑफ द डेंजर, पण अवेअर दॅट इट इज डेंजरस. अफ्रेड ऑफ डॉग्ज, पण अफ्रेड दॅट इट विल बाइट. सरप्राइज्ड ॲट द प्राइस, पण सरप्राइज्ड दॅट द प्राइस फेल. शुअर, प्राऊड, सॉरी, सर्टन, कॉन्फिडंट, सगळ्यांची हीच तऱ्हा. बोलताना तर 'दॅट'सुद्धा खाऊन टाकतात: 'आय ॲम शुअर ही विल कम.'

तुमचं पोरगं 'याचा'मधल्या 'चा'साठी 'अबाऊट' घेतं आणि 'या'साठी 'दॅट'. त्याचा हिशेब चोख आहे. घोटाळा एवढाच की हा 'दॅट' 'या' नव्हे. उगमाने तो दर्शक सर्वनामच, पण इथे तो नुसतं 'पुढे वाक्य येतंय' एवढं सांगतो आणि त्याला प्रत्ययाचं ओझं पेलत नाही. ओझं टाकायचंच असेल तर इंग्रजी 'द फॅक्ट' नावाचा हमाल बोलावते: अवेअर ऑफ द फॅक्ट दॅट, डिस्पाइट द फॅक्ट दॅट. आपल्या 'या गोष्टीची' याच्यासारखंच. पण तो हमाल घडलेल्या किंवा खऱ्या मानलेल्या गोष्टीच उचलतो. 'पाऊस येईल याची भीती' आपण सहज म्हणतो. 'अफ्रेड ऑफ द फॅक्ट दॅट इट मे रेन' मात्र विचित्र वाटतं, तिथे सरळ 'अफ्रेड दॅट इट मे रेन'.

'डिस्पाइट ऑफ'चा प्रकार वेगळा. 'इन स्पाइट ऑफ' कानावर बसलेलं असतं, त्यातला 'ऑफ' उचलून इकडे आणला जातो. 'डिस्पाइट'ला 'ऑफ' लागतच नाही आणि त्याच्यामागून थेट वाक्यही येत नाही. 'डिस्पाइट हिज इलनेस' म्हणा, 'डिस्पाइट बीइंग इल' म्हणा, नाहीतर 'ऑल्दो ही वॉज इल' म्हणून मोकळे व्हा. पोरांना शेवटचंच शिकवावं. 'ऑल्दो'च्या ठिकाणी 'असला तरी' बसतं आणि डोक्याला ताप नाही.

मिरजेहून

दोन अपवाद वहीत लिहून ठेवा: 'इन दॅट' आणि 'एक्सेप्ट दॅट'. 'ही हॅज ॲन ॲडव्हांटेज इन दॅट ही स्पीक्स कन्नडा.' मराठीत 'या अर्थाने की' वगैरे लिहू नका, 'त्याला कन्नड येतं हा त्याचा फायदा' झालं. 'एक्सेप्ट दॅट'ला आपल्याकडे 'फक्त' आहे: खोली झकास आहे, फक्त पाण्याची बोंब आहे.

आणि हा नियम अनादि नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात 'बिफोर दॅट फिलिप कॉल्ड दी' असं छापलंय. तेव्हा 'बिफोर'च्या मागे 'दॅट' चालायचा, पुढे झिजून गेला.

सांगलीहून, पुन्हा

वर एक राहिलं. 'दॅट'पुढे प्रिपोझिशन अडतं, पण व्हॉट, व्हेअर, हू, हाऊ, व्हेदर यांच्यापुढे ते खुशाल बसतं. ऑगस्टात आमच्या गल्लीत पुराशिवाय दुसरं बोलणं नसतं.

'पाणी कुठवर येईल हो?'
'कोयनेतनं किती सोडतात त्याच्यावर हाय.'

इंग्रजी करा: 'इट डिपेंड्स ऑन हाऊ मच दे रिलीज फ्रॉम कोयना.' 'ऑन' जागेवर आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी, त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला: सामान वर चढवायचं का? ते पाणी ४५ च्या वर जातंय का यावर. 'इट डिपेंड्स ऑन व्हेदर इट क्रॉसेस फॉर्टी फाइव्ह फीट.' प्रश्नाचं वाक्य इंग्रजीत नामासारखं वागतं, म्हणून प्रिपोझिशन त्याला धरतं. इथे मराठी आणि इंग्रजी एकाच रस्त्याने चालतात, फक्त उलट दिशेने. आपण 'किती सोडतात' आधी सांगतो आणि 'यावर' शेवटी, ते 'ऑन' आधी सांगतात.

'शुअर'सारख्या विशेषणामागे मात्र इथेही प्रिपोझिशन बहुधा टाळतात. 'आय ॲम नॉट शुअर व्हेदर द रोड इज ओपन' एवढंच पुरतं.

कराडहून

'आफ्टर', 'बिफोर', 'सिन्स', 'अनटिल' यांचं काय? 'आफ्टर लंच' आणि 'आफ्टर ही लेफ्ट' दोन्ही चालतं. शाळेत पहिल्याला प्रिपोझिशन म्हणायचं आणि दुसऱ्याला कंजंक्शन. शब्द तोच, अर्थ तोच, नाव मात्र दोन. डॅनिश पंडित यस्पर्सन याने १९२४ मध्येच ही वाटणी निरर्थक ठरवली होती आणि २००२ च्या केंब्रिजच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात हे शब्द सरळ प्रिपोझिशनच धरलेत, मागे नाम येवो की वाक्य. मला हे पटतं. परीक्षेत मात्र पोरांनी पुस्तकात आहे तेच लिहावं, उगाच गुण घालवू नयेत.

मराठीत हा वाद उठतच नाही. 'जेवणानंतर' आणि 'जेवल्यानंतर', दोन्हीकडे 'नंतर' शब्दयोगीच. आणि यातून एक गंमत होते. 'आफ्टर ही एट, ही स्लेप्ट' हे इंग्रजीत मिश्र वाक्य, पण 'जेवल्यावर तो झोपला' हे मराठीत केवल वाक्य, कारण 'जेवल्यावर' हे कृदंत, त्यात स्वतंत्र क्रियापद उरतच नाही. मिश्र वाक्याचं भाषांतर मिश्रच हवं असा हट्ट काही जण धरतात, त्यांनी 'जेव्हा तो जेवला त्यानंतर तो झोपला' असं खुशाल लिहावं. वाचायचं कुणी ते ठरवावं लागेल.

साताऱ्याहून

मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करतो, त्यामुळे 'की'बद्दल थोडं. 'की' फारसीतून आला म्हणून वाईट, असं मी मानणार नाही. 'तो म्हणाला की उद्या येतो' यात कुणाला काय खटकतं? मराठी व्याकरणांतही 'म्हणून', 'म्हणजे', 'की', 'जे' हे स्वरूपबोधक, म्हणजे आधीच्या गोष्टीचा खुलासा जोडणारे शब्द, म्हणून शेजारी शेजारी बसवलेत. विशेषणामागे तो घुसला की मात्र मराठी इंग्रजीचा वास मारते. 'हे दुर्दैवी आहे की', 'हे शक्य आहे की', 'मला आनंद आहे की'. 'शक्य आहे की तो येईल' कशाला? 'तो येईलही' म्हणा. 'महत्त्वाचं आहे की त्याने सही करावी' कशाला? 'त्याची सही हवीच.'

सगळ्यात वाईट हाल 'अफ्रेड'चे. 'आय ॲम अफ्रेड द डॉक्टर इज नॉट इन' याचं 'मला भीती वाटते की डॉक्टर आत नाहीत' असं केलेलं मी डब केलेल्या मालिकेत कानांनी ऐकलंय. तिथे भीती कसली? दवाखान्यातली बाई 'डॉक्टर नाहीत हो आत्ता' म्हणते, त्या 'हो'मध्ये तो सगळा 'अफ्रेड' आला.

कायद्याच्या मराठीने या बाबतीत बरी वाट काढलीय. 'नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड' याला 'काहीही अंतर्भूत असले तरी'. 'प्रोव्हायडेड दॅट'ला नुसतं 'परंतु', आणि त्या तुकड्याचं नाव परंतुक. तिथे 'दॅट' कुठे गेला म्हणून कुणी वकील भांडलेला मला तरी माहीत नाही.

जतहून

आमच्याकडे 'की' तसा कमीच. 'येतो म्हणून म्हणाला', 'पाऊस पडणार म्हणून वाटतंय'. शेजारी कन्नड, तिथेही तीच रचना: 'बर्तीनि अंत हेळिद', म्हणजे 'येतो म्हणून सांगितलं'. तिथला 'अंत' हा 'म्हणणे' या धातूतनंच आलेला, जसा आपला 'म्हणून' 'म्हण'वरनं. आणि विशेषणामागे तर काहीच लागत नाही. 'बरं झालं आलास.' 'आलास ते बरं केलंस.' इंग्रजीतलं 'ग्लॅड यू केम' याच्या फार लांब नाही, तिथेही 'दॅट' गिळलेलाच असतो.

विट्याहून

'या'ला प्रत्यय लागतो आणि 'दॅट'ला लागत नाही, हे फळ्यावर लिहून दाखवलं तर ती मुलगी मानेल असं वाटतं. एक शेवटचं. दोन वह्यांत 'डिपेंड्स ऑन इफ इट रेन्स' आहे. गुण कापायचे का?

सांगलीहून

बोलताना इंग्रज लोकही तसं बोलून जातात. लिहिताना प्रिपोझिशनच्या मागे 'इफ' नको, 'व्हेदर' हवं. पहिल्या खेपेला गुण कापू नका, 'इफ' खोडून वर 'व्हेदर' लिहून द्या. 'ऑन दॅट इट रेन्स' लिहिलं असेल त्याचे मात्र कापा.